दमाचा तक्ता

मुलांनो, जरा माझ्याबरोबर एक चित्र डोळ्यांपुढे आणा. रविवारची सकाळ आहे. माझ्या घरापुढचं अंगण, अंगणात एक लाकडी स्टूल, स्टुलावर उघडी वही. तुम्ही बारा वर्षांचे आहात आणि तुमच्या हातात स्टॉपवॉच आहे. समोर दोन मोठी माणसं उभी आहेत. एक तुमचे बाबा, दुसरा तुमचा मामा. बाबांनी छाती भरून श्वास घेतलाय आणि ते जागच्या जागी उभे राहून "कबड्डी कबड्डी कबड्डी" म्हणतायत. चेहरा लाल होत चाललाय, गळ्याच्या शिरा फुगल्यात. मामा बाजूला उभा राहून तोंडं वेडीवाकडी करून त्यांना हसवायला बघतोय.

हसू येईल ना तुम्हाला? मलाही येत होतं, त्या दोघांवर इतकी वैतागलेली असूनही. हर्षाली मात्र हसत नव्हती. ती नुसती घड्याळाकडे बघत होती.

हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते आधी सांगते.

पोयनाडजवळच्या आमच्या गावात मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर घर खायला उठलं, म्हणून रविवारी सकाळी मुलांना घरी बोलावायला लागले. लिंबात खिळे खुपसून वीज काढायची, गांडुळं मोजायची, चुलीवरच्या पाण्यात थर्मामीटर धरून बसायचं, असले उद्योग. हर्षाली भगत त्यातलीच. सातवीत होती. काटकुळी, लांब पायांची, आणि कबड्डीत चढाईला गेली की समोरच्या सातजणींना नाचवून परत येणारी. तिचे बाबा मोरेश्वर हे एके काळचे जिल्ह्याचे चढाईपटू. मामा जगदीश मांडव्याच्या जेट्टीवर नोकरीला लागला तेव्हापासून बहिणीकडेच राहायचा. हे दोघंही माझे विद्यार्थी. एकानं दहावीला विज्ञानात छत्तीस मार्क मिळवले होते, दुसऱ्यानं पस्तीस.

माझी एक सवय होती. मुलानं प्रश्न विचारला की "का विचारतोस?" असं मी उलट कधी विचारत नसे. तेवढ्यानंच मुलं गप्प होतात. प्रश्न आला की उत्तराच्या मागे लागायचं, बस्स. ह्या सवयीचा मला अभिमान होता.

तर एका रविवारी सगळी मुलं गेल्यावर हर्षाली मागे राहिली आणि म्हणाली, "बाई, ते व्हेप असतं ना, बॅटरीवरची सिगारेट, एक वापरून फेकायचं आणि एक पॉड बदलायचं. त्यातलं कमी वाईट कुठलं?"

मी काही बोलायच्या आत तिनंच पुढे सांगितलं, "घरी रोज तेच भांडण असतं. बाबांकडे पॉडवालं आहे, मामाकडे फेकायचं. मामा म्हणतो माझं साधं, बाबा म्हणतात माझं चांगलं. सकाळी चहाला बसले की सुरू."

"सकाळी? अगं, सकाळी तर बाबा तुला मैदानावर नेतात ना?"

"नाही नेत. किती दिवस झाले."

मी कपाळाला हात लावला. जिल्ह्याच्या संघाची निवड दहा दिवसांवर होती, अलिबागला. चौदा वर्षांखालच्या मुलींत आमच्या गावातून एकटी हर्षाली जाणार होती, आणि हे सगळ्या गावाला माहीत होतं. मोरेश्वरनं तिला पाचवीपासून तयार केलं होतं. पहाटे उठवून, पळवून, दम वाढवून घेऊन. आणि आता निवड तोंडावर आलेली असताना हा बाप चहा पीत मेहुण्याशी भांडत बसला होता.

"बाबा काय म्हणतात?"

"म्हणतात, आधी ह्या जग्याचं तोंड बंद करतो, मग बघू."

"दोघांना संध्याकाळी इकडे पाठव," मी म्हणाले. "आणि तूही ये. वही घेऊन ये. तुझा प्रश्न आहे, तक्ता तूच मांडायचास."

ती जागची हलली नाही. मग म्हणाली, "पण उत्तर मिळेल ना, बाई? खरं उत्तर?"

"मोजलं की मिळतं," मी म्हणाले.

संध्याकाळी दोघं आले. शाळेत यायचे तसेच, एकमेकांना कोपरानं ढकलत.

"बाई, ह्याला समजवा तुम्ही," मोरेश्वर चप्पल काढता काढताच सुरू झाला. "मी सिगारेट सोडली. चौदा महिने झाले. शिस्तीत पॉड वापरतो. ह्याचं बघा, दर आठवड्याला नवीन पिपाणी!"

"भावोजी, पिपाणी म्हणू नका हां," जगदीश म्हणाला. "तुमच्यासारखं रात्री मोबाइलच्या शेजारी चार्जिंगला लावून झोपत नाही मी. ताईनं परवा चार्जर काढला तर हे लहान पोरासारखे रुसले, बाई."

"ठेवा इथे दोन्ही," मी म्हणाले.

दोघांनी खिशातून काढून स्टुलावर ठेवलं. जगदीशचं पिवळंजर्द, लहान मुलाच्या खेळण्यासारखं, वर आंब्याचं चित्र. मोरेश्वरचं काळं, सपाट, पेन ड्राइव्हच्या मोठ्या भावासारखं.

"हे विकायला आपल्याकडे बंदी आहे ना रे?"

दोघांनी एकदमच छताकडे पाहिलं.

"पनवेलला एक ओळखीचा आहे," जगदीश पुटपुटला.

"वा! आणि तो ओळखीचा तुला ह्यात काय भरलंय ते लिहून देतो का?"

"पाकिटावर असतं ना, बाई."

"चोरून विकायच्या मालाच्या पाकिटावर! जगदीश, तुला पस्तीस मार्क दिले तेव्हा माझा हात कापायला हवा होता."

हर्षाली वहीत रेघा मारत होती. मी तिला डाव्या बाजूला काय काय लिहायचं ते सांगितलं. नाव. वय. किती दिवसांपासून. एक किती पुरतं. नाडी. दम. वर दोन रकाने: "फेकायचं" आणि "पॉडचं".

"आता एकेकानं सांगा. भांडायचं नाही. मोरेश्वर, तुझ्याचा गुण सांग."

"बॅटरी तीच राहते, नुसता पॉड, म्हणजे रसाची डबी, बदलायचा. कचरा कमी. आणि बाई, निकोटीन किती पाहिजे ते आपण ठरवतो. आधी कडक घ्यायचो, आता त्याच्या निम्म्याचा पॉड घेतो. हळूहळू शून्यावर येणार."

"कधीपासून निम्म्याचा?"

"आठ महिने."

"आठ महिने निम्म्यावरच उभा आहेस? मग हे हळूहळू कसलं? हा तर मुक्काम झाला."

जगदीश टाळी वाजवून हसला.

"तू हसू नकोस. तुझ्यात किती निकोटीन आहे?"

"माझं... कडक असतं थोडं."

"कमी करता येतं?"

"नाही. ते आतून बंदच असतं. पण बाई, कटकट नाही! भरायचं नाही, बदलायचं नाही, गळत नाही. ह्यांचा पॉड गळतो, खिशाला डाग पडतात. आतली तापणारी तार, कॉइल, जळली की तोंडात करपट चव येते, मग दिवसभर सगळ्यांवर खेकसतात. माझं संपलं की फेकलं."

"कुठे फेकतोस? आत बॅटरी असते त्याच्यात."

"कचऱ्यात," तो म्हणाला. "नाहीतर... असंच कुठेतरी. खिडकीत ठेवतो, टाकायचं राहून जातं."

"आणि संपलं हे कळतं कसं तुला?"

"चव गेली की समजायचं. बाहेरून दिसत नाही काही. कधी अर्धवट पण टाकतो, दुसरा फ्लेवर आणला की."

मी हर्षालीला म्हणाले, "लिही. फेकायचं: किती उरलं ते दिसत नाही, किती कडक ते बदलता येत नाही. पॉडचं: कमी करता येतं, पण करत नाहीत."

तिनं अक्षर न् अक्षर लिहून घेतलं. मग मान वर न करता विचारलं, "बाई, सवय कुठल्याची लवकर लागते?"

"निकोटीन ज्याच्यात जास्त, त्याची लवकर," मी म्हणाले. "आणि जेवढं वय कमी तेवढी लवकर. मेंदू तयार होत असतो ना."

"पण सुटते ना?"

"सुटते. एकट्यानं सोडायला गेलं की जड जातं. म्हणून तर ह्या दोन घोड्यांना इथे बोलावलंय."

घोडे खिदळले. मीही हसले. हर्षालीनं वही मिटली.

पुढच्या रविवारी सकाळी खरी परीक्षा ठेवली. मला वाटलं होतं, निदान मापाला तरी ही माणसं सरळ उभी राहतील. पण चाळिशीच्या माणसांकडून एक साधा प्रयोग करून घेणं म्हणजे काय असतं, हे मी त्या दिवशी शिकले. पाचवीची पोरं परवडली.

आधी एक किती पुरतं ते विचारलं. मोरेश्वर म्हणाला, पॉड दोन दिवस. जगदीश म्हणाला, "तेच तर, बाई! आधी मला एक आठ-आठ दिवस जायचं. हल्ली पाचव्या दिवशी फुस्स. पनवेलवाला खोटा माल द्यायला लागलाय."

"किंवा तू जास्त ओढायला लागलायस."

"आईशप्पथ नाही. ड्यूटीवर तर नेतच नाही मी, जेट्टीवर साहेब ओरडतो. घरीच ठेवून जातो, कपाटावर."

"मग आठाचे पाच कसे झाले?"

"सांगितलं ना, माल खोटा!"

"हर्षाली, पाच लिही," मी म्हणाले. तिनं लिहिलं.

मग नाडी. शांत बसवून मोजली. मग दोघांना म्हणाले, "आता फाटकाबाहेर जा आणि तीन-तीन झुरके घेऊन या. पोरीसमोर नाही."

दोघं आज्ञाधारकपणे फाटकाबाहेर गेले आणि तिथे कोणाचा झुरका मोठा यावरून भांडायला लागले. वाऱ्यावर आंब्याचा गोडसर वास अंगणात आला. मी पदर नाकाला लावला. हर्षाली फाटकाकडे बघत उभी होती. मी तिला हाक मारली तर पहिली हाक तिला ऐकूच गेली नाही.

परत आल्यावर नाडी पुन्हा मोजली. मोरेश्वरची बारानं वाढली होती, जगदीशची पंधरानं.

"तीन ठोके जास्त!" मोरेश्वर ओरडला. "बघ, जग्या! विज्ञान बोलतंय!"

"भावोजी, तुम्ही बाहेर भांडत होता म्हणून माझी वाढली."

"मी भांडत होतो?"

"अरे, गप्प बसा रे!" मी म्हणाले. "तुमची दोघांचीही वाढली. हे कळतंय का कुणाला? दोघांचीही!"

कळलं नाही. दोघं तीन ठोक्यांवरून वाद घालत राहिले.

शेवटी दम. हे त्यांचं आवडतं माप, कारण दोघंही कबड्डी खेळलेले. एका श्वासात, मोठ्यानं, न तुटता "कबड्डी" म्हणत राहायचं, घड्याळ हर्षालीकडे. पहिल्या खेपेला जगदीशनं मध्येच हळूच श्वास ओढला.

"दम चोरला!" मोरेश्वर गरजला. "बाद!"

"खोकला आला मला!"

"आवाज ऐकला मी. चौदा वर्षं चढाया केल्यात, मला शिकवू नकोस."

पुन्हा घेतलं. जगदीश पंचवीस सेकंद. मग मोरेश्वर उभा राहिला, तेच चित्र मी तुम्हाला सुरुवातीला दाखवलं. बावीसला त्याचा आवाज फाटला. तो वाकला, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत राहिला. ह्याच माणसाला मी तालुक्याच्या मैदानावर चढाई करून पाय ओढत, तीन गडी अंगावर घेऊन मधल्या रेघेला हात लावताना पाहिलं होतं, आणि तेव्हाही त्याच्या तोंडातलं "कबड्डी" तुटलं नव्हतं.

"बावीस," हर्षाली म्हणाली.

"घड्याळ नीट दाबलंस का?"

"हो, बाबा."

"म्हणजे माझं चांगलं!" जगदीश उड्या मारायला लागला. "पंचवीस! फेकायचं जिंकलं!"

"नऊ वर्षांनी लहान आहेस तू त्याच्यापेक्षा," मी म्हणाले. "आणि आठ वर्षं कमी सिगारेट ओढलीस. ह्यातून पॉड वाईट की वय वाईट, काय कळतं? काही नाही."

दोघं एकदम माझ्याकडे वळले. "मग एवढं सगळं कशाला केलं, बाई?"

खरं सांगते, त्या क्षणी मला वही उचलून दोघांच्या डोक्यात घालावीशी वाटली. पण दोष माझाही होता. दोन वाईट गोष्टी शेजारी शेजारी ठेवून कमी-जास्त मोजत बसले, आणि तिसरा रकाना काढायचाच विसरले. कुठल्याही प्रयोगात, ज्याला काहीच केलेलं नाही असं एक रोप बाजूला ठेवावं लागतं. मी हे मुलांना दर वर्षी शिकवत आले होते.

"तिसरा रकाना काढ, हर्षाली," मी म्हणाले. "वर लिही: काहीच न ओढणारे."

तिनं रेघ मारली. रेघ जरा वाकडी आली.

"त्यात कुणाला घ्यायचं?" जगदीशनं विचारलं. "तुम्ही उभ्या राहता का, बाई?"

"माझं वय एकाहत्तर आहे. मला कशाला? ही आहे ना." मी हर्षालीच्या खांद्यावर हात ठेवला. "लिही तुझं नाव."

"माझं नको, बाई," ती म्हणाली.

"का गं?"

"माझा गुडघा दुखतोय."

"दम घ्यायला गुडघा कशाला लागतो?" मोरेश्वर आता सरळ उभा राहिला होता. त्याच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी चमक आली. "लिही गं! छत्तीस सेकंद घेते पोरगी, बाई! मे महिन्यात मी स्वतः मोजलेत. छत्तीस! हिच्या वयाला माझे एकोणतीस होते. लिही, आणि दाखव तुझ्या मामाला."

"दाखव, दाखव," जगदीश म्हणाला. "आम्ही दोघं हरलो तरी चालेल. तू अलिबागला जाऊन जिंक म्हणजे झालं."

तिनं तिसऱ्या रकान्यात नाव लिहिलं. हर्षाली मोरेश्वर भगत. घड्याळ माझ्याकडे दिलं. अंगणाच्या मधोमध उभी राहिली. श्वास घेतला.

"कबड्डी कबड्डी कबड्डी..."

आवाज स्वच्छ होता. मोरेश्वर ओठांतल्या ओठांत तिच्याबरोबर म्हणत होता. मी काट्याकडे बघत होते. दहा. बारा. पंधराला आवाज हलला. सतराला तुटला आणि तिला खोकल्याची उबळ आली.

"सर्दी आहे तिला," जगदीश लगेच म्हणाला. "परत घ्या."

पाणी दिलं. पाच मिनिटं बसवलं. परत घेतलं. सोळा.

"ही सरावाची कमतरता आहे!" मोरेश्वर चिडला. "पंधरा दिवस मैदानावर आली नाहीस. रोज गुडघा, रोज पोट! बुधवारी निवड आहे, हर्षे! सोळा सेकंदांत तिथे रेघेपर्यंत तरी जाशील का?"

"तू तिला नेलंस का पंधरा दिवस?" मी म्हणाले. "तुला चहा आणि जग्या पुरे होते!"

"मी नेतो म्हटलं की हीच नाही म्हणते, बाई! विचारा तिला!"

"भावोजी, ओरडू नका पोरीवर."

"तू मध्ये पडू नकोस. सगळं तुझ्यामुळे..."

"माझ्यामुळे? माझ्यामुळे काय?"

दोघं पुन्हा जुंपले. तुझं फेकायचं, तुमचं पॉडचं, तुझी पिपाणी, तुमचा चार्जर. मी दोन्ही हात वर करून "अरे, अरे" म्हणत मध्ये उभी होते, आणि तिघांपैकी कुणीही त्या मुलीकडे बघत नव्हतं.

"बाई," ती म्हणाली. "आकडा लिहायचा ना?"

आम्ही तिघंही तिच्याकडे वळलो.

"लिही बाळा," मी म्हणाले. "जो आला तो लिही."

हर्षाली स्टुलापाशी गुडघ्यांवर बसली. तिसऱ्या रकान्यातलं स्वतःचं नाव तिनं एका सरळ रेघेनं खोडलं. पहिल्या रकान्यात, "फेकायचं" लिहिलं होतं तिथे, मामाच्या नावाखाली, ते पुन्हा लिहिलं. वय बारा. किती दिवसांपासून, ह्याच्यापुढे दोन महिने. दम सोळा. सगळं लिहून झाल्यावर तिनं पेनाला टोपण लावलं, वही फिरवली आणि बाबांच्या समोर धरली.